मालिका संपल्यावरचे नव्वद दिवस

कोकणातला दशावतारी त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांना निघतो आणि पाऊस लागायच्या आत घरी परतून शेतात उतरतो. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो, गुढीपाडव्याच्या दिवसांत नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात आणि पाऊस तोंडावर आला की फड मिटतो. या मंडळींना रिकामे महिने नवे नाहीत. ते सोपे जातात असं मुळीच नाही, कर्ज काढून ढकललेले पावसाळे त्यांनीही पाहिलेत. पण पुन्हा कधी उभं राहायचं, ती तारीख त्यांच्याजवळ असते. गोरेगाव, मढ, घोडबंदर रोड नाहीतर कोल्हापूर-साताऱ्याकडे मालिकेच्या सेटवर वर्ष-दीड वर्ष राबलेल्या नटाकडे, लेखकाकडे, असिस्टंटकडे किंवा एडिटरकडे ती नसते. शेवटचा पॅकअप होतो, केक कापला जातो आणि पुढचं काम पंधरा दिवसांनी आहे की दहा महिन्यांनी, हे कुणीच सांगू शकत नाही. जिवाला लागणारा घोर रिकामपणाचा कमी आणि या न ठरलेल्या तारखेचा जास्त असतो.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे स्वतःच तारखा काढणं.

तीन तारखा

मालिकांच्या धंद्यात मानधन सहसा बिलानंतर ९० दिवसांनी हातात येतं. म्हणजे काम थांबल्याचा दिवस आणि पैसे थांबल्याचा दिवस यांत तीन महिन्यांचं अंतर असतं. बहुतेक जण एकतर हे विसरून पहिल्याच आठवड्यात घाबरतात, नाहीतर चेक येत राहतात म्हणून तीन महिने काहीच करत नाहीत आणि चौथ्या महिन्यात एकदम जमीन सरकते. दोन्ही टाळायचं तर कागदावर हिशेब मांडा.

समजा घरखर्च, भाडं आणि हप्ता मिळून महिन्याला ४८,००० लागतात. खात्यात १,६०,००० आहेत. येणं २,१०,००० आहे, त्यातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) जाऊन १,८९,००० येतील. इथे एक कडक नियम पाळा: येणं असेल त्याच्या निम्मंच धरा, म्हणजे ९४,५००. आजारपण आणि अडीनडीला ३०,००० बाजूला काढा. उरले २,२४,५००. त्याला ४८,०००ने भागलं की साडेचार महिने. मालिका १० जानेवारीला संपली असेल तर पैसे साधारण २५ मेपर्यंत पुरतील. ही झाली पहिली तारीख.

दुसरी तारीख तिच्या दोन महिने अलीकडची, २५ मार्च. ठरवायचं ते या दिवशी. दोन महिने अशासाठी, की दुसरं कुठलंही काम आज धरलं तरी त्याचा पहिला पैसा यायला ३० ते ६० दिवस जातात. तिसरी तारीख सगळ्यात जवळची: संपल्यापासून तीन आठवडे, म्हणजे ३१ जानेवारी. तोपर्यंत कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. क्षेत्र सोडायचा नाही, गावी कायमचं जायचा नाही, महागडा कोर्स लावायचा नाही, भाड्याचं घर बदलायचा नाही. वर्षभराच्या थकव्यात आणि रोजच्या गोतावळ्यातून एकदम एकटं पडल्यावर घेतलेले निर्णय फार क्वचित टिकतात.

तिन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, फोनमध्ये नको. घरच्यांना त्या दिसल्या पाहिजेत. ‘काही कळलं का पुढचं?’ हा रात्रीच्या जेवणाच्या वेळचा प्रश्न आई-वडील किंवा जोडीदार काळजीपोटीच विचारतात, आणि रोज विचारला गेला की तोच टोचायला लागतो. त्यांना हिशेबाचा कागद दाखवून सांगा, ‘मेअखेरपर्यंतची सोय आहे, २५ मार्चला आपण बसून बोलू.’ प्रश्न पूर्ण थांबणार नाही, पण घरातला ताण उतरतो.

अडकलेले आणि कापले गेलेले पैसे

रिकाम्या काळात सगळ्यात आधी मिळू शकणारे पैसे हे कमावून झालेले असतात. आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून आपला टीडीएस कुणी किती भरला ते बघा. फी म्हणून पैसे मिळाले असतील तर १० टक्के कापलेले असतात, कंत्राटी काम दाखवलं असेल तर १ टक्का. नट, लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन, एडिटर, गायक, वेशभूषाकार अशा चित्रपट व्यवसायातल्या लोकांना एक सवलतीची पद्धत आहे. चार्टर्ड अकाउंटंट तिला अनेक वर्षं ४४एडीए म्हणत आलेत. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरता येतो, खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. वर्षात ६ लाख मिळाले, ६०,००० कापले गेले आणि दुसरं काही उत्पन्न नाही, तर उत्पन्न ३ लाख धरलं जातं आणि नव्या करप्रणालीत कर शून्य येतो. सगळे ६०,००० परत. म्हणजे वरच्या हिशेबातला सव्वा महिना! फॉर्म उपलब्ध झाले की मुदतीची वाट न बघता भरा, आणि परतावा ज्या खात्यात हवा ते खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्या. परतावे अडकतात ते बहुतेकदा इथेच: खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही.

थकलेल्या मानधनासाठी पहिला मेल साधा आणि सभ्य ठेवा. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, कामाचे दिवस, आणि ‘कृपया देय तारीख कळवावी’ एवढंच. व्हॉट्सॲपवर नको, मेलच करा, कारण पुढे तोच पुरावा ठरतो. दर पंधरा दिवसांनी त्याच मेलवर उत्तर म्हणून आठवण टाका, नवा मेल काढू नका. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, हे लक्षात असू द्या.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करून ठेवा. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, आणि सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीधारकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र नोंदणी कामाच्या आधीची हवी. काम झाल्यावर केलेली त्या जुन्या कामाला सहसा लागू पडत नाही. आमचं मत विचाराल तर परिषदेचं दार शेवटीच ठोठवावं. पण मेलखाली उद्यम क्रमांक लिहिलेला असला तरी अकाउंट्स विभागाची भाषा बदलते.

पहिले तीन आठवडे

डेली सोपमध्ये वर्षभर दुसरं कुणीतरी तुमचा दिवस ठरवत असतं. रात्री कॉल टाइम (सेटवर पोचायची वेळ) येतो, सकाळी गाडी येते, नऊ ते नऊ शिफ्ट, मध्ये चहा, जेवण, पुन्हा चहा. हे सगळं एका दिवसात थांबतं, पण शरीराला ते कळायला वेळ लागतो. पहाटे पाचला जाग येते, करायला काही नसतं. मग रात्री झोप लांबते, दुपारी डोळा लागतो, आणि दोन आठवड्यांत दिवस-रात्र उलटी होते. ही उलटापालट झाली की अस्वस्थता दुप्पट वाटते, कारण सगळं जग काम करत असतं त्या वेळी तुम्ही झोपलेले असता आणि रात्री दोनला डोक्यात भुंगा फिरत असतो.

उपाय एकच आणि कंटाळवाणा आहे: उठायची वेळ पक्की करा. झोपायची वेळ आपोआप मागे येते, उठायची येत नाही. समजा साडेसात. रात्री तीनला झोपलात तरी साडेसातलाच उठा, दुपारी २० मिनिटांपेक्षा जास्त आडवं होऊ नका. चार-पाच दिवस डोकं जड राहील, मग घडी बसेल. उठल्यावर तासाभरात घराबाहेर ४० मिनिटं चाला. जिम लावण्याची घाई नको. वर्षाची फी भरून दहा दिवसांत बंद पडलेली जिम ही या काळातली ठरलेली चूक आहे.

याच आठवड्यांत लांबणीवर टाकलेलं दाताचं काम आणि रक्ततपासणी उरकून घ्या. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. सेटवरच्या खाण्यापिण्यावर आणि अर्धवट झोपेवर वर्ष काढलेल्या माणसात यातलं काही ना काही बिघडलेलं असू शकतं, आणि ‘आता अभिनयातच मन लागत नाही’ असं वाटण्यामागे कधीकधी नुसती बी-१२ची कमतरता निघते. झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींतला रस सलग दोन आठवडे गेलेला असेल तर तो रिकामपणा समजू नका, डॉक्टरांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटण्याचे विचार आले तर तीन आठवडे वगैरे काही थांबू नका, लगेच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

जुन्या युनिटचे ग्रुप सोडू नका, कास्टिंगचे निरोप तिथेच येतात आणि त्यांची मुदत बहुधा त्याच संध्याकाळची असते. ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका आणि सकाळी ११ व संध्याकाळी ५ असं दोनदाच उघडा. बरोबरच्यांच्या मुहूर्ताच्या नारळाचे फोटो टाकणारी खाती सहा आठवड्यांसाठी म्यूट करा. तो मत्सर नसतो, पण जखमेवर सारखं बोट लागत राहतं.

स्वतःची कॉल शीट

सेटवर दिवसभराचे सीन आणि वेळा लिहिलेली कॉल शीट असते. तीन आठवड्यांनंतर रोज रात्री नऊला दुसऱ्या दिवसाची तशीच कॉल शीट लिहा. कागदावर, हाताने, फक्त तीन सीन. साधारण अशी:

कॉल ७:३०.
सीन १, सकाळी ९:३० ते ११, बाहेर, वाचनालय: नव्या एकांकिकेची पहिली पाच पानं. वाईट झाली तरी चालतील.
सीन २, दुपारी १२ ते १२:४०, घर: दोन निरोप, एक फोन, वहीत नोंद.
सीन ३, दुपारी ४ ते ६: माळ्यावरचं सामान उतरवून निम्मं देऊन टाकणं.
पॅकअप ६.

तिसरा सीन हाताचा आणि त्याच दिवशी संपणारा हवा. लिहिणाऱ्या, नटणाऱ्या माणसाचं काम कधी संपलं असं डोळ्यांना दिसत नाही. घासून लख्ख झालेली कढई दिसते. पहिला सीन शक्यतो घराबाहेर ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत झोपायची, जेवायची आणि लिहायची जागा एकच असली की तासाभरात माणूस आडवा होतो. गावातलं सार्वजनिक वाचनालय, ओळखीच्या कुणाच्या ऑफिसातलं दुपारपर्यंत रिकामं टेबल, काहीही चालेल.

बिघडतं कुठे? एका दिवसात नऊ सीन लावले की बिघडतं. पहिल्या उत्साहात लोक योगासनं, इंग्रजी, गिटार, पटकथा आणि घराची रंगरंगोटी एकदम काढतात आणि गुरुवारपर्यंत सगळं सोडतात. एखादा सीन राहिला तर तो दुसऱ्या दिवशी चौथा म्हणून जोडू नका, तिघांतला एक काढून त्याच्या जागी घाला. आणि रविवार सुट्टीचा. सुट्टी नसलेल्या रिकामपणात सुट्टीची मजाही जाते आणि कामाचीही.

काम मागायचं कसं

‘काही असेल तर सांगा’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्यात समोरच्याने करण्यासारखं काहीच नसतं. निरोपात चार गोष्टी हव्यात: तुम्ही कोण, कधीपासून मोकळे, काय करू शकता, आणि एक नेमकी विचारणा.

‘नमस्कार ताई, मी अमुक. मागच्या मालिकेत दुसऱ्या युनिटला असिस्टंट होतो, ती १० तारखेला संपली. १ फेब्रुवारीपासून मोकळा आहे. कंटिन्युइटी आणि शेड्यूल दोन्ही सांभाळतो, आउटडोअर आणि रात्रीचं शूट चालेल. तुमच्याकडे किंवा ओळखीत नवं युनिट उभं राहत असेल तर नाव सुचवाल का?’

तीस जणांची यादी करा. दिग्दर्शक आणि चॅनेलची माणसं त्यात असतीलच, पण प्रॉडक्शन मॅनेजर, एडिटर, मेकअप दादा, साउंडवाले हेही हवेत. नवं युनिट बसतंय ही बातमी अनेकदा त्यांच्याकडेच आधी पोचते. दिवसाला दोन, म्हणजे तीन आठवड्यांत यादी पूर्ण. शूटिंगच्या वेळी फोन करू नका, निरोप पाठवा. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण, मग तो माणूस तीन महिने सोडून द्या. वहीत तारीख, नाव आणि काय म्हणाले ते लिहा, नाहीतर आठव्या आठवड्यात एकाच माणसाला तिसऱ्यांदा तेच विचारलं जातं.

नटांनी शोरील (आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ) ६० ते ९० सेकंदांचं ठेवावं, पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा आणि तुमचं वाक्य. संगीतावर कापलेले चालतानाचे शॉट कुणी पाहत नाही. व्हिडिओची जड फाईल पाठवण्यापेक्षा यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसेल असं) ठेवून लिंक द्या. सेल्फ टेपसाठी, म्हणजे घरीच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनसाठी, फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, समोरून खिडकीचा उजेड. समोरची वाक्यं वाचणाऱ्याने फोनपासून दोन हात मागे उभं राहावं, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो आणि तुमचा सीन बुडतो. लेखकांनी दहा पानांचा नमुना तयार ठेवावा आणि पाठवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवावा. ऑडिशनसाठी, संघटनेच्या कार्डासाठी किंवा ‘पोर्टफोलिओ आमच्याकडेच करा’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. रिकाम्या काळातली घाई ओळखूनच हे लोक फोन करतात.

हे क्षेत्र सोडायचं का?

या प्रश्नाला मनाने उत्तर देता येत नाही, कारण मन दर आठवड्याला वेगळं सांगतं. वहीत मागची तीन वर्षं मांडा. एका ओळीत एक काम, आणि रकाने असे: कामाचे दिवस, ठरलेले पैसे, हातात आलेले पैसे, कधी आले, काम कुणाकडून मिळालं, आणि शेवटचा रकाना, ‘जीव कशात लागला’. कामाचे दिवस मोजताना लूक टेस्ट, वाचन, प्रवास, फुकट गेलेली ऑडिशन हेही धरा. हे भरायला दोन-तीन दुपारी जातात. बँकेचे उतारे आणि जुनी व्हॉट्सॲप संभाषणं समोर ठेवली तरच खरं भरलं जातं. आठवणीतून भरलेल्या तक्त्यात शेवटच्या कामाचा राग सगळीकडे पसरतो.

मग तक्ता वाचा. सातपैकी पाच कामं एकाच माणसाकडून आली असतील तर प्रश्न क्षेत्राचा नाही, एकाच नळावर अवलंबून राहिल्याचा आहे, आणि तीस जणांच्या यादीने तो सुटू शकतो. दर वर्षी तीन-चार महिने कोरडे दिसत असतील तर ते दुर्दैव नव्हे, तुमच्या धंद्याचा पावसाळा आहे. त्याला दशावताऱ्याच्या शेतीसारखं दुसरं काम जोडायला हवं. ठरलेले आणि आलेले पैसे यांत दरी असेल तर काम चांगलं आहे, वसुली कच्ची आहे. पण पैसे ठीक, माणसं ठीक आणि शेवटचा रकाना दोन वर्षं रिकामा असेल, तर मात्र सोडण्याचा विचार खरा आहे. तो मनातून झटकू नका.

शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय, तेही नीट बघा. ‘सीन बसवताना’ असं पुन्हा पुन्हा आलं असेल तर तुमचा जीव दिग्दर्शनात किंवा शिकवण्यात आहे. ‘वाक्य बदलून दिलं तेव्हा’ असेल तर लिहिण्यात. अनेकांना अभिनय नको झालेला नसतो, बारा तासांचा डेली सोप नको झालेला असतो, आणि थकल्यावर या दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

सोडण्याआधी चाखून बघा

ठरवायच्या तारखेआधी एक किंवा दोन शेजारची कामं प्रत्यक्ष करून बघा. नुसती चौकशी पुरत नाही. वाचणारा, बोलणारा माणूस असाल तर ऑडिओबुक आणि डबिंगची चाचणी घरीच होते. हँगरवर कपडे टांगलेलं कपाट उघडा आणि कपड्यांकडे तोंड करून उभं राहा. पाठीमागे दोरीवर जाड गोधडी. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, फोन फ्लाइट मोडवर. वेळ पहाटेची किंवा रात्री साडेअकरानंतरची. पत्र्याच्या छपराखाली राहत असाल तर पावसाळ्यात हे विसरा. माइक तोंडापासून एक वीत, आणि किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ यांचा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही. फाईल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वात मोठा आवाज उणे ६ ते उणे १२ डेसिबलमध्ये राहू दे, शून्याला टेकला की तो तुकडा वाया गेला. सुरुवातीला दहा सेकंद न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. ती उणे ६० डेसिबलच्या खाली असेल तर खोली चालेल. तोंडातून चटचट आवाज येत असतील तर हिरव्या सफरचंदाची एक फोड खा, तेवढ्याने भागतं.

आता न वाचलेल्या पुस्तकातली काही पानं वाचा आणि चुका काढून २० मिनिटांचा स्वच्छ तुकडा तयार करा. एकूण किती वेळ लागला ते घड्याळात बघा. एक तास लागला तर हे काम तुमचं आहे. तीन तास लागले तर तयार तासामागे नऊ तास खर्च होणार, आणि मग मिळणारा दर नऊने भागून बघा. उच्चार दुसऱ्या माणसाला ऐकवा: चंद्रातला च आणि चाकातला च, जन्मातला ज आणि जाळ्यातला ज. नटांची इथे फसगत होते, कारण सेटवर चेहरा निम्मं काम करतो. नुसती माहिती वाचून दाखवायची कामं यंत्राच्या आवाजाकडे जाऊ लागली आहेत. पात्र उभं करता येणाऱ्या आवाजावरच भर द्या.

सबटायटलची चाचणी याहून सोपी. दहा मिनिटांच्या मराठी संवादाला मोफत सॉफ्टवेअरवर सबटायटल करा: दोन ओळी, ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सात. संवादलेखक यात चमकतात. शब्दन् शब्द सोडवत नाही अशांना ते छळतं.

शिकवायचं असेल तर दोन वेगळ्या वाटा आहेत. शाळा आणि सोसायट्यांची नाट्यशिबिरं एप्रिल-मे महिन्यांत होतात, त्यांची बोलणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करावी लागतात; ८ ते १४ वयाची २० मुलं, रोज दीड तास, दहा दिवस एवढं एकट्याला झेपतं. महाविद्यालयांच्या एकांकिका बसवायला दिग्दर्शक पावसाळ्यात शोधले जातात. विद्यापीठात कायमचं शिकवायचं असेल, पुण्याचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी अशा ठिकाणी, तर पदव्युत्तर पदवी, त्यात खुल्या गटाला ५५ टक्के, आणि नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट परीक्षा हा लांबचा रस्ता आहे. तो तीन महिन्यांच्या रिकामपणातून निघत नाही. नीट ठरवूनच त्यावर पाऊल टाका.

ठरवायचा दिवस

२५ मार्चला सकाळी तक्ता, हिशेब आणि कॉल शीटचा गठ्ठा घेऊन बसा, घरातलं एक माणूस बरोबर असू दे. आधी कॉल शीट उलटून बघा: पहिला सीन कुठल्या कामाचा असला की तो कधीच चुकला नाही? मग चाचण्यांचे तास आणि पैसे बघा. मग तीनांतलं एक लिहा. याच क्षेत्रात सहा महिने, किंवा आठवड्यातले तीन दिवस दुसरं काम आणि उरलेले ऑडिशनला, किंवा बाहेर. मधला पर्याय निवडलात तर दुसऱ्या कामाच्या ठिकाणी ऑडिशनचं आधीच सांगा. लपवलं की दोन्हीकडचा शब्द मोडतो. बाहेर पडायचं ठरलं तर सोशल मीडियावर निरोपाची पोस्ट लिहू नका. काम देणाऱ्या पाच माणसांना स्वतः फोन करा, संघटनेचं कार्ड चालू ठेवा. माणसं परत येतात, आणि दार स्वतःच लावून घेतलेलं असेल तर ते उघडणं अवघड जातं. सहा महिन्यांनंतरची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका.

नवी मालिका लागलीच तर पहिल्या चेकपासून पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात जाऊ दे, त्या खात्याचं कार्ड घेऊ नका. आणि ती मालिका संपायची कुणकुण लागली की शेवटचा आठवडा असा वापरा: प्रक्षेपित झालेल्या आपल्या चांगल्या सीनच्या क्लिप एडिटरकडून परवानगीने घ्या, कामाच्या दिवसांचा हिशेब प्रॉडक्शन मॅनेजरबरोबर बसून जुळवा आणि त्यावर त्यांची सही सेट मोडायच्या आत घ्या. सेट मोडला की ते दुसऱ्या युनिटवर जातात, आणि दोन मिनिटांच्या सहीला मग दोन महिने लागतात.